अलिबागची सूची, सह्याद्रीचा दगड आणि अरबी समुद्राचा तळ

रोह्याला कुंडलिकेच्या काठावर उभे राहिले की चारी बाजूंना एकच दगड दिसतो. नदीच्या पात्रात काळा दगड, डोंगराच्या कड्यात काळा दगड, घरांच्या जोत्यांत आणि विहिरींच्या बांधकामातही तोच. कोकण रेल्वे रोह्यापासूनच सुरू होते. तिच्यासाठी पुढे जे डोंगर फोडले, त्यांच्या कापांतही हाच दगड उघडा पडला आहे. तो बेसाल्ट आहे, लाव्हा थंड होऊन बनलेला आहे आणि त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली आहेत, एवढे आपण भूगोलाच्या तासाला सांगतो. नंतर एखाद्या वरच्या वर्गात खंडवहनाचा धडा येतो. त्यात अटलांटिक महासागराचे चित्र असते. मधोमध एक पर्वतरांग आणि तिच्या दोन्ही बाजूंना काळे-पांढरे पट्टे. ते चित्र आणि दाराबाहेरचा दगड यांचा काही संबंध असेल, असे विद्यार्थ्यांना वाटत नाही. खरे सांगायचे तर आपल्यालाही तो सहसा सुचत नाही.

या लेखात आम्हाला तो संबंध दाखवायचा आहे. महासागराचा तळ सतत नव्याने तयार होत असतो, हा विसाव्या शतकातील भूविज्ञानाचा सर्वांत मोठा शोध. त्याचा पहिला भक्कम पुरावा अटलांटिकमधून आला नाही. तो आला आपल्या अरबी समुद्राच्या दक्षिण टोकाकडून, रोह्यापासून नैर्ऋत्येला सुमारे १९०० किलोमीटरवरून. तो पुरावा समजण्यासाठी ज्या दोन गोष्टी आधी माहीत असाव्या लागतात, त्याही आपल्या परिसरात मोजल्या गेल्या होत्या. त्यांपैकी एक अलिबागला, दुसरी सह्याद्रीच्या घाटांत. तिन्ही धागे एकत्र यायला मात्र बराच काळ लागला, आणि त्या काळात काही बरोबर उत्तरे चूक म्हणून परत पाठवली गेली. शिक्षकांच्या दृष्टीने हा भाग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

कुलाब्याहून अलिबागला

मुंबईतील कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापन केली. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे सुरू झाली. त्या काळी जगभर अशी केंद्रे उभी राहत होती. जहाजांना दिशा दाखवणारी चुंबकसूची अगदी नेमकी उत्तर दाखवत नाही आणि तिची दिशा वर्षागणिक बदलते, हे खलाशांना ठाऊक होते. हा बदल कसा होतो, हे त्यांना हवे होते.

या सुरुवातीच्या काळात वेधशाळेत काम करणाऱ्यांमध्ये एक तरुण आपल्याच जिल्ह्यातला होता. केरो लक्ष्मण छत्रे हे अलिबागजवळच्या नागावचे. वयाच्या विशीच्या आतच ते प्रा. ऑर्लिबार यांच्या हाताखाली वेध घेऊ लागले. पुढे ते पुण्यात गणिताचे नामांकित प्राध्यापक झाले आणि लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणून आपण त्यांना ओळखतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम आणायचे ठरले. विजेच्या प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, हे आपण आठवी-नववीत शिकवतो. ट्रामच्या तारांतून आणि रुळांतून वाहणाऱ्या प्रवाहामुळे कुलाब्याच्या नाजूक सूचींना स्वस्थता मिळणार नव्हती. वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशिर मूस यांनी नव्या जागेचा शोध घेतला आणि अलिबागची निवड केली. इमारतीसाठी पोरबंदरचा चुनखडीसारखा फिकट दगड आणला, कारण इथला काळा दगड स्वतःच चुंबकीय! लोखंडी खिळे, कड्या, बिजागऱ्या टाळून तांब्या-पितळेच्या वस्तू वापरल्या.

अलिबागचे काम १९०४ साली सुरू झाले, पण कुलाब्याचे लगेच थांबवले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे घेतली. त्यामुळे दोन जागांतला फरक कळला आणि जुनी व नवी नोंद एकमेकींना जोडता आली. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये. प्रयोगाची जागा किंवा उपकरण बदलताना जुने व नवे काही काळ शेजारी-शेजारी चालवावे, हा धडा शाळेच्या प्रयोगशाळेतही उपयोगी आहे. या काळजीमुळे कुलाबा-अलिबागची नोंद जगातल्या सर्वांत लांब अखंड नोंदींपैकी एक ठरली. १९७१ पासून अलिबागची वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

या नोंदींतून काय कळले? अलिबागला मोकळी टांगलेली सूची आज जवळजवळ खऱ्या उत्तरेकडे वळते आणि तिचे उत्तर टोक क्षितिजाच्या खाली पंचवीस-सत्तावीस अंश झुकते. या झुकावाला नतिकोन म्हणतात. विषुववृत्ताजवळ तो शून्य असतो, ध्रुवाकडे जावे तसा वाढतो. म्हणजे नतिकोन मोजला की आपण कोणत्या अक्षांशावर आहोत याचा अंदाज येतो. दुसरे, क्षेत्राची तीव्रता रोज दिवसभरात थोडी वर-खाली होते, आणि सूर्यावरच्या वादळांनंतर पुष्कळच होते. तिसरे, वर्षानुवर्षे दिशा सावकाश सरकते. पण शे-दीडशे वर्षांत सूची कधी उलटी फिरली नाही. उत्तर टोक दक्षिणेकडे गेले, असे कोणत्याही वेधशाळेने पाहिलेले नाही. त्यासाठी फार जुनी नोंद हवी होती, आणि ती दगडात होती.

दगडाने काय लक्षात ठेवले

बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटसारख्या लोहयुक्त खनिजांचे बारीक कण असतात. लाव्हा तापलेला असताना हे कण चुंबकत्व धरू शकत नाहीत. तापमान एका मर्यादेखाली, म्हणजे क्यूरी तापमानाखाली, उतरले की त्या क्षणी पृथ्वीचे क्षेत्र ज्या दिशेने असेल, त्या दिशेचे चुंबकत्व ते पकडतात. खडक थंड झाला की ही दिशा त्यात टिकून राहते. शुद्ध मॅग्नेटाइटसाठी ही मर्यादा सुमारे ५८० अंश सेल्सिअस आहे. लाव्हा गोठल्यावरही बराच तापलेला असतो, म्हणजे दगड घट्ट झाल्यानंतर ही नोंद होते.

फ्रान्समधील बर्नार्ड ब्रून यांना १९०६ साली काही खडकांत आजच्या उलट दिशेचे चुंबकत्व आढळले. जपानच्या मोतोनोरी मातुयामा यांनी १९२९ मध्ये दाखवले की असे उलटे खडक एका ठरावीक जुन्या काळातले आहेत. याचा सरळ अर्थ असा, की पृथ्वीचे क्षेत्रच कधीकाळी उलटे होते. पण हे पचायला जड होते आणि पुढची वीसेक वर्षे फारसे कोणी तिकडे वळले नाही.

१९५१ साली केंब्रिजमधील एक विद्यार्थी, टेड आयर्विंग, यांच्या मनात एक कल्पना आली. वेगेनर यांचे खंडवहन खरे असेल, तर भारत पूर्वी दक्षिण गोलार्धात असला पाहिजे. मग दख्खनच्या लाव्हाने पकडलेला नतिकोनही दक्षिण गोलार्धातला असला पाहिजे. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी त्यांना प्रोत्साहन दिले. भारतातून मोजके नमुने मागवले गेले, आणि त्यांवरून भारत खरोखर हजारो किलोमीटर उत्तरेकडे आल्याचे दिसले. आयर्विंग यांनी हे काम इतर खडकांवरच्या कामाबरोबर प्रबंधात मांडले. १९५४ साली केंब्रिज विद्यापीठाने तो प्रबंध पीएच.डी.साठी नामंजूर केला! अकरा वर्षांनी त्याच विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही त्याहून वरची पदवी दिली.

दरम्यान लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात पॅट्रिक ब्लॅकेट यांचा गट या विषयाकडे वळला होता. त्यामागची कथा मोठी बोधक आहे. फिरणाऱ्या कोणत्याही जड वस्तूला चुंबकत्व येते, असा ब्लॅकेट यांचा सिद्धांत होता. तो तपासण्यासाठी त्यांनी अतिशय संवेदनशील चुंबकमापक बनवला आणि सोन्याचा पंधरा किलोचा दंडगोल घेऊन प्रयोग केला. परिणाम काहीच नाही. आपला सिद्धांत चुकला, हे त्यांनी १९५२ मध्ये स्वतः प्रसिद्ध केले, आणि तेच उपकरण दगडांचे क्षीण चुंबकत्व मोजायला वापरले. त्यांच्या गटातील क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ साली भारतीय खडकांवरील निष्कर्ष छापले.

मुंबईतही काम सुरू झाले होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे आणि सी. राधाकृष्णमूर्ती यांनी दख्खनच्या खडकांचे चुंबकत्व मोजण्याचे काम हाती घेतले. डॉइच यांच्यासह त्यांचा लेख १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. घाटांतून दिशा नोंदवून दगड काढायचा, प्रयोगशाळेत आणून त्याच्या चकत्या करायच्या, मापकाखाली ठेवून प्रत्येकीची दिशा मोजायची, असे हे चिकाटीचे काम.

निष्कर्ष दोन होते. पहिला, लाव्हा ओतला गेला तेव्हा हा प्रदेश सुमारे ३० अंश दक्षिण अक्षांशावर होता. दुसरा, सह्याद्रीत साधारण दोन हजार फुटांच्या खालच्या थरांत चुंबकत्व उलटे आहे आणि वरच्या थरांत सरळ. खालच्या थरातली सूची दक्षिणेकडे आणि खाली बघते. वरच्या थरातली उत्तरेकडे आणि वर. आज अलिबागची सूची उत्तरेकडे आणि खाली बघते, म्हणजे दोन्ही थरांचा आजच्याशी मेळ नाही. एक दक्षिण गोलार्धातली सरळ नोंद आहे, दुसरी दक्षिण गोलार्धातली उलटी. लाव्हाचे थर एकावर एक साचत असताना मध्येच पृथ्वीचे क्षेत्र उलटले होते, असा याचा अर्थ लागत होता.

पण तोही सर्वांना मान्य नव्हता. जपानमध्ये नागाता आणि उयेदा यांना हारुना पर्वताजवळ असा एक खडक सापडला होता, की जो प्रयोगशाळेत तापवून थंड केला असता बाहेरच्या क्षेत्राच्या उलट चुंबकत्व आपोआप धरतो. मग जगभरचे उलटे खडक असेच स्वतः उलटलेले नसतील कशावरून? ही शंका रास्त होती. एकट्या सह्याद्रीच्या दगडावरून तिचे उत्तर मिळणार नव्हते. उत्तर यायला समुद्रात जावे लागले.

शिसाच्या दोरीपासून प्रतिध्वनीपर्यंत

समुद्राची खोली पूर्वी दोरीला शिसाचे वजन बांधून मोजत. बंदरात हे ठीक, पण चार किलोमीटर खोल पाण्यात एका मोजमापाला काही तास लागत. पहिल्या महायुद्धानंतर प्रतिध्वनीने खोली मोजण्याचे यंत्र आले. जहाजाने ध्वनी सोडायचा, तळावर आपटून परत यायला लागणारा वेळ मोजायचा. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर. प्रतिध्वनी चार सेकंदांनी आला तर खोली किती? जाणे आणि येणे धरून ध्वनीने ६००० मीटर अंतर कापले, म्हणून खोली ३००० मीटर.

या यंत्रासह ‘डाना’ हे डॅनिश जहाज १९२८ ते १९३० या काळात जगप्रवासाला निघाले. अरबी समुद्र आणि हिंदी महासागर यांच्या सीमेवर त्याला पाण्याखाली एक पर्वतरांग सापडली. मोहिमेला पैसा पुरवणाऱ्या कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानाचे नाव तिला दिले गेले. १९३३-३४ मध्ये ‘माबाहिस’ या इजिप्तच्या जहाजावरून जॉन मरे मोहीम झाली. तिचे प्रमुख सीमोर स्यूएल हे पूर्वी भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे संचालक होते. या मोहिमेत दिसले की कार्ल्सबर्ग रांगेच्या माथ्यावर मधोमध एक खोल घळ आहे. १९३७ साली वाइझमन आणि स्यूएल यांनी तिची तुलना पूर्व आफ्रिकेच्या खचदरीशी केली. अमेरिकेत मारी थार्प यांनी अटलांटिकच्या नकाशावर अशीच घळ ओळखली, त्याच्या सुमारे पंधरा वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

तरीही हिंदी महासागर सर्वांत कमी माहिती असलेला महासागर राहिला. म्हणून १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम आखली गेली. अनेक देशांची चाळीसच्या आसपास जहाजे तीत सहभागी झाली. भारताकडे तेव्हा समुद्रसंशोधनासाठी बांधलेले मोठे जहाज नव्हते, म्हणून नौदलाची ‘कृष्णा’ ही युद्धनौका १९६२ पासून या कामाला दिली. मोहीम संपता संपता, १ जानेवारी १९६६ रोजी, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यातील दोनापावला येथील ही संस्था याच मोहिमेचे फळ आहे.

याच मोहिमेत ब्रिटिश नौदलाचे ‘ओवेन’ हे जहाज होते. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये केंब्रिजचे ड्रमंड मॅथ्यूज यांनी त्यावरून कार्ल्सबर्ग रांगेच्या माथ्याचा एक लहान तुकडा निवडून बारकाईने मोजला. जहाज शेतात नांगर फिरवावा तसे जवळजवळच्या ओळींत ये-जा करी. खोली मोजली जाई आणि जहाजामागे लांब दोरीने ओढत नेलेला चुंबकमापक क्षेत्राची तीव्रता नोंदवी. जहाज लोखंडी, म्हणून मापक दूर ठेवायचा. अलिबागला ट्रामपासून दूर जाण्याचे कारण तेच.

आता या मोजमापाचा अर्थ कसा लावायचा? पृथ्वीचे एकूण क्षेत्र त्या भागात ४० हजार नॅनोटेस्लाच्या आसपास. समुद्रतळाच्या खडकांमुळे होणारा फरक काही शे नॅनोटेस्लाचा, म्हणजे शेकडा एकच्या घरातला. अशा फरकाला चुंबकीय विसंगती म्हणतात. त्यात रोजचा चढ-उतार आणि सूर्यावरच्या वादळांचा गोंधळ मिसळलेला असतो. समुद्रावरच्या मोजमापांतून हा भाग वजा करण्यासाठी किनाऱ्यावरच्या वेधशाळांच्या नोंदी लागतात. अलिबागसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षे निमूटपणे घेतलेल्या वेधांचा हाही एक उपयोग आहे.

दोन बुडालेले डोंगर

मॅथ्यूज परतले तेव्हा त्यांच्याकडे फ्रेड वाइन हा नवा संशोधक विद्यार्थी आला होता. मोजमापांचे विश्लेषण त्याच्याकडे आले. त्या छोट्या क्षेत्रात ज्वालामुखीसारखे दोन सुटे डोंगर समुद्राखाली होते. विद्यापीठाच्या संगणकावर वाइनने हिशेब मांडला. एका डोंगराचे चुंबकत्व आजच्या दिशेचे निघाले आणि दुसऱ्याचे उलट!

मग त्याने पुढचा विचार केला. सागरतळ मध्यरांगेपाशी तयार होऊन दोन्ही बाजूंना सरकत असावा, असे हॅरी हेस आणि रॉबर्ट डीट्झ यांनी १९६१-६२ मध्ये सुचवले होते. पृथ्वीचे क्षेत्र अधूनमधून उलटते, असे काही जण म्हणत होते. दोन्ही एकदम खरे असेल तर काय होईल? घळीत लाव्हा वर येतो, थंड होताना त्या काळच्या क्षेत्राची दिशा पकडतो, मधोमध चिरतो आणि अर्धा इकडे, अर्धा तिकडे सरकतो. क्षेत्र उलटले की पुढचा लाव्हा उलटी दिशा पकडतो. परिणामी रांगेच्या दोन्ही बाजूंना सरळ-उलट असे समांतर पट्टे तयार होतील. असे पट्टे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ मेसन आणि रॅफ यांनी १९६१ साली छापलेल्या नकाशांत दिसलेही होते, पण ते कशामुळे, हे कोणाला सांगता आले नव्हते.

वाइन आणि मॅथ्यूज यांचा लेख ‘नेचर’ साप्ताहिकात ७ सप्टेंबर १९६३ रोजी आला. लेखाचा मुख्य आधार होता कार्ल्सबर्ग रांगेची मोजमापे.

इथे वर्गात करता येण्याजोगी एक गंमत आहे. कार्ल्सबर्ग रांगेच्या घळीवर, जिथे सर्वांत नवा आणि सरळ चुंबकत्वाचा खडक आहे, तिथे मापक क्षेत्र कमी दाखवतो. जास्त का नाही? एक पट्टीचुंबक टेबलावर उत्तर टोक उत्तरेकडे करून ठेवा आणि त्याच्या मध्यावर, थोड्या उंचीवर, होकायंत्र धरा. सूची उलटी फिरेल, कारण चुंबकाच्या बाहेर बलरेषा उत्तर टोकाकडून दक्षिण टोकाकडे जातात. विषुववृत्ताजवळ पृथ्वीचे क्षेत्र जवळजवळ आडवे असते, म्हणून तळाचा खडकही आडवा चुंबक बनतो. त्याच्या वर तो पृथ्वीच्या क्षेत्राला विरोध करतो. उच्च अक्षांशांवर याच्या उलट घडते. मापकाचा आकडा वाचताना आपण कोठे उभे आहोत हे विसरून चालत नाही.

ज्यांना बरोबर सुचले त्यांचे काय झाले?

लेख आला, पण फारशी खळबळ उडाली नाही. अनेकांनी तो हवेतला विचार समजून सोडून दिला. आणखी एक गोष्ट पुढे कळली. कॅनडाचे लॉरेन्स मॉर्ली यांनी हीच कल्पना स्वतंत्रपणे मांडून १९६३ च्या सुरुवातीला ‘नेचर’कडे पाठवली होती. ती परत आली. दुसऱ्या एका नियतकालिकानेही ती नाकारली. असल्या कल्पना मेजवानीतल्या गप्पांना ठीक, असा एका परीक्षकाचा सूर होता.

परीक्षक सगळेच मूर्ख होते असे म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. १९६३ मध्ये क्षेत्र उलटते हेच सिद्ध झालेले नव्हते. हारुनाच्या दगडाची शंका जिवंत होती. तळ सरकतो हेही सिद्ध नव्हते. दोन असिद्ध गोष्टी जोडून तिसरी काढली, म्हणून तिला नकार मिळाला. फरक पडला तो नव्या मोजमापांनी. अमेरिकेत कॉक्स, डोएल आणि डॅलरिम्पल यांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या लाव्हांची वये काढली. एकाच वयाचे खडक जगात सगळीकडे एकाच दिशेचे निघाले. खडक आपापले स्वतः उलटत असते, तर असा मेळ बसला नसता. १९६६ पर्यंत उलटापालटीचे कोष्टक तयार झाले. त्याच वर्षी ‘एल्टानिन’ जहाजाने दक्षिण पॅसिफिकमध्ये घेतलेला एक आलेख पुढे आला. मध्यरांगेच्या डावी-उजवीकडचे चढ-उतार आरशातल्या प्रतिमेसारखे जुळत होते आणि त्यांची रुंदी कोष्टकातील काळाच्या प्रमाणात होती. त्यानंतर दोन-तीन वर्षांत भूविज्ञानाचे चित्र पालटले.

आता आपल्या दगडाकडे परत येऊ. सह्याद्रीतली खालची उलटी आणि वरची सरळ नोंद ही क्षेत्राच्या खऱ्या उलटापालटीचीच होती, हे आता नि:शंक झाले. ज्या उलट्या काळात सह्याद्रीचे खालचे थर साचले, त्या काळाचा पट्टा महासागरांच्या तळावरही ओळखता येतो. एकाच घटनेची नोंद डोंगरात उभी आणि समुद्रात आडवी लिहिलेली आहे.

रोह्याखालची जमीन कोठे संपते?

हे कळल्यावर पट्टे मोजून समुद्राचा इतिहास लिहिता येऊ लागला. १९७१ मध्ये मॅकेन्झी आणि स्क्लेटर यांनी हिंदी महासागराचा गेल्या सुमारे साडेसात कोटी वर्षांचा इतिहास मांडला. आज आपल्याला माहीत आहे ते थोडक्यात असे. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून सुटला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ओतला गेला. त्यानंतर लवकरच, सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी, आपला पश्चिम किनारा आणि सेशेल्स बेटे यांच्यामध्ये फट पडली आणि कार्ल्सबर्ग रांग कार्यरत झाली. सेशेल्सचा ग्रॅनाइट सुमारे ७५ कोटी वर्षांचा आहे. महासागराच्या मधोमध एवढा जुना खडक कसा, हे कोडे होते. तो भारताजवळून तुटलेला भूखंडाचा तुकडा आहे. आज तो मुंबईपासून तीन हजार किलोमीटरहून दूर आहे.

या फाटण्याच्या खुणा आपल्या पायाखाली आहेत. घाटमाथ्यावर लाव्हाचे थर जवळजवळ आडवे दिसतात. पनवेलकडून दक्षिणेला महाडच्या दिशेने जाणाऱ्या एका पट्ट्यात ते पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राकडे, कलू लागतात. भूवैज्ञानिक जे. बी. ऑडेन यांनी १९४९ साली याचे वर्णन केले. याला पनवेलचा बाक म्हणतात. म्हणूनच दोन हजार फुटांचा तो नियम कोकणात जसाच्या तसा लावता येत नाही. या पट्ट्यात आणि किनाऱ्याकडे थरांना छेदून जाणाऱ्या, भिंतीसारख्या उभ्या दगडाच्या पट्ट्याही पुष्कळ आहेत. त्यांना डाईक म्हणतात. जमीन ताणली जाऊन भेगा पडल्या आणि त्यांत लाव्हा भरला, तर अशा भिंती तयार होतात. यांतल्या अनेकींची दिशा किनाऱ्याला समांतर, उत्तर-दक्षिण आहे, हे सूचक आहे. मुरुड-जंजिऱ्याकडच्या काही डाईकमध्ये खोलवरच्या खडकांचे तुकडे अडकून वर आलेले आहेत. त्यांचा अभ्यास ए. जी. देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. जमिनीखाली कित्येक किलोमीटरवर काय आहे, त्याचा तो हाती आलेला नमुनाच.

समुद्र सुरू झाला म्हणजे महासागराचा तळ सुरू झाला, असे मात्र नाही. मुंबईसमोर सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंत उथळ पाणी आहे. त्याखाली आपलीच जमीन आहे. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने बॉम्बे हायला तेल शोधले. त्या तेलाच्या थरांखालीही दख्खनचा बेसाल्ट आहे. त्या पलीकडे उतार लागतो आणि मग लक्ष्मी खोरे व लक्ष्मी रांग येते. इथला तळ भूखंडाचा की महासागराचा, यावर मतभेद आहेत. १९९४ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी लक्ष्मी खोऱ्यातही चुंबकीय पट्टे असल्याचा, म्हणजे तिथे तळ विस्तारला असल्याचा पुरावा मांडला. २०१५ साली ‘जॉइडीस रिझोल्यूशन’ या खोदकामाच्या जहाजाने तिथे भोके पाडून गाळाखालचा बेसाल्ट वर काढला. त्या मोहिमेच्या दोन प्रमुखांपैकी धनंजय पांडे हे भारतीय होते. वाद अजून संपलेला नाही. आपली जमीन नेमकी कोठे संपते, हा प्रश्न आजही खुला आहे.

वर्गासाठी

दोन गोष्टी सुचवतो. पहिली, एक गणित. दख्खनचा लाव्हा थिजला तेव्हा हा भाग ३० अंश दक्षिणेवर होता. रोहा आज साडेअठरा अंश उत्तरेवर आहे. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. साडेअठ्ठेचाळीस अंशांचे सुमारे ५४०० किलोमीटर होतात. ६ कोटी ६० लाख वर्षांनी भागले की वर्षाला आठ सेंटीमीटरच्या आसपास सरासरी वेग येतो. मग विद्यार्थ्यांना विचारा, हा वेग सतत सारखाच असेल का? भारत आशियाला धडकल्यावर काय झाले असेल?

दुसरी, एक कृती. पुठ्ठ्याला एक फट पाडा. लांब कागदाच्या दोन पट्ट्या फटीतून एकदम वर ओढा, एक डावीकडे, एक उजवीकडे. एक विद्यार्थी डोळे मिटून मनाला येईल तेव्हा ‘सरळ’ किंवा ‘उलट’ म्हणेल. त्याप्रमाणे फटीपाशी दोन्ही पट्ट्यांवर रंग बदला. शेवटी पट्ट्या शेजारी ठेवून पाहा. मग एका विद्यार्थ्याला बाहेर पाठवा, त्याला फक्त पट्ट्या दाखवा आणि आत काय घडले असेल ते ओळखायला सांगा. त्याने दुसरेच एखादे स्पष्टीकरण दिले तर ते लगेच चूक ठरवू नका. तुझे म्हणणे खरे असेल तर आणखी काय दिसायला हवे, एवढे त्याला विचारा. १९६३ ते १९६६ या तीन वर्षांत शास्त्रज्ञांनी केले ते हेच.

आणि जमल्यास शाळेची एक सहल अलिबागला न्या. किल्ला आणि समुद्र मुले पाहतातच. पोरबंदरच्या दगडाची ती वेधशाळा बाहेरून जरी दाखवली, तरी आजूबाजूला एवढा काळा दगड असताना तो फिकट दगड इतक्या दुरून का आणला, हा प्रश्न मुलांना विचारता येईल.